गेली हो, हलू नका

आमच्या घरात टिकटिकीला कोणी घाबरत नसे. दादाच्या खोलीत भिंतभर घड्याळं आहेत आणि प्रत्येकाची चाल निराळी. नवा पाहुणा आला की पहिल्या दिवशी डोकं धरून बसतो. आम्हाला मात्र एखादं घड्याळ बंद पडलं तरच चुकल्याचुकल्यासारखं होतं. त्यामुळे हार्ड डिस्क संगणकाला जोडल्यावर तिच्यातून टकटक ऐकू आली तेव्हा मी चक्क हसले. म्हटलं, घ्या, हीसुद्धा दादाच्या वळणावर गेली. मग पडद्यावर सूचना आली: डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करायची आहे का? ते वाचून मी हसायची थांबले. त्या डिस्कमध्ये माझ्या वहिनीचा आवाज होता आणि तो आता दुसरीकडे कुठेच नव्हता. वहिनीच्या गळ्यातसुद्धा नव्हता.

पण आधी दादाबद्दल सांगायला हवं, कारण पुढे जे घडलं ते त्याच्या स्वभावापायीच घडलं.

दादा माझा थोरला भाऊ. धंद्यानं घड्याळजी. भिंग लावून लावून उजव्या डोळ्याभोवती एक गोल खळगा कायमचा पडलाय, त्यामुळे भिंग काढलं तरी तो तुमच्याकडे बघत नसून तुमच्या आत काय बिघडलंय ते बघतोय असं वाटतं. बोलणं मोजकं. गिऱ्हाइकानं घड्याळ पुढे ठेवलं की "काय झालंय" असं तो कधीच विचारत नाही. "कुणी हात लावला होता का याला?" हा त्याचा पहिला प्रश्न. गिऱ्हाईक जरा चाचरलं की संपलं. "मग त्यालाच विचारा," म्हणून घड्याळ परत. या एका प्रश्नापायी त्यानं जितकी गिऱ्हाइकं घालवली तितकी दुसऱ्या एखाद्याला जन्मात मिळाली नसतील.

त्याची दुसरी खोड म्हणजे नकलेचा तिटकारा. नकली काटा, नकली चाक, काही चालत नाही. जुन्या घड्याळाचा अस्सल भाग मिळेपर्यंत तो गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवील, पण जुळता भाग बसवणार नाही. "अस्सल एकच असतं. दुसरं केलं की पहिल्याला कोण विचारतो?" असं तो म्हणतो, आणि असं म्हणताना त्याचा चेहरा इतका गंभीर असतो की वाद घालणाऱ्यालाच लाज वाटावी. मी तरी घालते. मला तो लहानपणापासून 'भोंगा' म्हणतो.

त्याची कामाची खोली घराच्या पोटात आहे. खिडकी होती, ती धुळीपायी त्यानं केव्हाच फळ्या ठोकून बंद केली. टेबलावर एक दिवा, बाकी काळोख. दादाची पाठ कायम दाराकडे. या खोलीचे नियम घरातल्या तान्ह्या पोरांनाही पाठ असत. दादाच्या डोळ्याला भिंग असताना त्याला हात लावायचा नाही. जवळ जाऊन बोलायचं नाही. टाळी नाही, आदळआपट नाही. चिमट्यात धरलेलं चाक एकदा उडालं की ते सापडायला अख्खं घर झाडावं लागतं. काय सांगायचं ते उंबऱ्यातून, हळू, नेहमीच्या आवाजात सांगायचं. आणि मधेच लाइट गेली तर दादानं हात आहे तिथे तसाच धरून ठेवायचा.

हा शेवटचा नियम वहिनीचा. लाइट गेली की ती असेल तिथून हाक द्यायची, "गेली हो, हलू नका!" आली की, "आली हो!" लाइट पुष्कळदा डोळे मिचकावून परत जाते, म्हणून तिचं "आली हो" ऐकल्याशिवाय दादा बोटसुद्धा हलवत नसे. डोळ्यांपेक्षा त्याचा तिच्यावर जास्त भरवसा होता.

वहिनी म्हणजे त्या घराचा आवाज. भांड्यांशी बोलायची, मांजराशी भांडायची, टपालवाल्याला दारात उभं करून त्याच्या सासूची चौकशी करायची. दादाच्या वाट्याचं बोलणंसुद्धा तीच बोलून टाकायची. "त्यांना आवडलं बरं का," असं ती परस्पर सांगायची आणि दादा मान हलवायचा. अशा बाईच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

दवाखान्यात आवाजाच्या बाई होत्या. म्हणजे ज्यांचं बोलणं गेलंय त्यांना सावरायला शिकवतात त्या. त्यांना आम्ही हेच नाव ठेवलं. त्यांनी मार्ग सुचवला. शस्त्रक्रियेआधी रोजची वाक्यं वहिनीच्या आवाजात भरून ठेवायची. नंतर हातात मावेल एवढी एक पाटी मिळते, तिच्यावर बोट ठेवलं की ते वाक्य तिच्याच आवाजात ऐकू येतं. बाईंनी वाक्यांची यादी दिली आणि आवाज भरायचं, सेलवर चालणारं छोटं यंत्र उसनं दिलं.

शांत खोली हवी होती. दादाची खोली शांत होती, पण घड्याळं सोडून. तेव्हा दादा उठला आणि त्यानं भिंतीवरचं एकेक घड्याळ बंद केलं. लंबक बोटानं धरायचा, थांबवायचा, पुढच्याकडे जायचा. त्या खोलीत मी तशी शांतता कधी ऐकली नव्हती आणि पुन्हा ऐकायची माझी इच्छाही नाही. वहिनीच तेवढी मजेत, निदान तसं दाखवत होती. "मला पाणी हवंय," "खिडकी लावा," "दुखतंय," असं यादीतलं वाचून झालं की मध्येच स्वतःचं काहीतरी घुसडायची. "अहो, आरशात बघितलंत का?" "ताई, तुमचा आवाज जरा मला द्या, तुम्हाला जास्त झालाय." मी हसत होते आणि रडू दाबत होते.

एकदा वाक्य अर्ध्यावर असताना लाइट गेली. दादा कामाला बसलासुद्धा नव्हता, कोपऱ्यात नुसता हाताची घडी घालून उभा होता. पण वहिनीच्या तोंडून सवयीनं निघालंच, खणखणीत, "गेली हो, हलू नका!" आणि आम्ही तिघंही अंधारात पोट धरधरून हसलो. मी यंत्र बंद केलं. लाइट आल्यावर मी म्हणाले, "हे पुसून टाकते."

"राहू दे," वहिनी म्हणाली, "आज तेवढंच काय ते मनापासून बोलले."

ते सगळं मी माझ्या संगणकावर उतरवलं आणि तिथून हार्ड डिस्कवर. बाईंचं यंत्र पुढच्या रुग्णासाठी परत गेलं. मी म्हटलं, एक प्रत माझ्या संगणकावर असू दे. दादा माझ्या पाठीशी उभा होता. "नको," तो म्हणाला, "तिचा आवाज असा दोन-दोन ठिकाणी पडून राहायला नको. एक ठेव. नीट ठेवू." मी भांडले. भोंगा वाजवून वाजवून थकला. पण त्याच्या बायकोची शस्त्रक्रिया तोंडावर आलेली, त्याच्या हनुवटीवर दाढीचे खुंट वाढलेले. त्या तोंडाशी किती भांडणार? माझ्याकडची प्रत मी त्याच्यासमोर पुसली. डिस्क त्यानं मऊ चामड्याच्या फडक्यात गुंडाळली आणि गिऱ्हाइकांची अस्सल घड्याळं ठेवतो त्या कपाटात ठेवली.

शस्त्रक्रिया झाली. वहिनी घरी आली. गळ्याला आता एक भोक होतं, त्यातून श्वास यायचा, त्यावर पातळ रुमाल. बोलायला ओठ हलवायची आणि नुसता वारा यायचा. शाळेतल्यासारखी दगडी पाटी हातात घेऊन फिरायची आणि लिहायची. बोलकी पाटी तयार करणाऱ्या माणसाचा निरोप आला की आवाज आणून द्या. म्हणून मी डिस्क काढून संगणकाला जोडली, आणि ती टकटक.

दादा मागेच होता. पडद्यावरचा प्रश्न त्यानं वाचला. "फॉरमॅट म्हणजे?"

"म्हणजे सगळं पुसून कोरं करायचं."

त्यानं माझा हात मनगटाशी धरला आणि हळूच माउसवरून उचलून बाजूला ठेवला. जणू माझा हात म्हणजे पेटलेली काडी होती.

मला जे सुचलं ते सगळं केलं. डिस्क काढली, पुन्हा लावली. संगणक बंद करून चालू केला. दुसऱ्या खाचेत घातली. वायर बदलली. ऑफिसातून दोन तोंडांची जाड वायर आणली, वीज कमी पडत असेल तर भरून निघेल म्हणून. प्रत्येक वेळी तेच. दिवा लागायचा, आत काहीतरी फिरायला लागायचं, मला वाटायचं आता, आता. मग टक, टक, टक, टक, आणि एक लांब सुस्कारा टाकून सगळं गप्प. दादानं डिस्क कानाशी धरली. मी त्याला असं हजार घड्याळं धरताना पाहिलंय.

"ठोका लंगडतोय," तो म्हणाला. "आत काहीतरी अडकतंय आणि परत फिरतंय."

"वहिनीला सांगायचं?"

"नको. तिला इतक्यात नको."

पण वहिनी दारात उभी होती. इतकी वर्षं त्या घरात टिकटिक ऐकलेली बाई; परकी टिकटिक तिला स्वयंपाकघरात ऐकू गेली होती. तिनं पाटीवर लिहून आमच्यापुढे धरलं: "ती माझी आहे ना?" दादानं मान खाली घातली. तिनं पाटी पुसली, काही लिहायला गेली, आणि तशीच कोरी पाटी छातीशी धरून निघून गेली.

कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे गेलो. गडी उमदा, पण हाताला दम नाही. डिस्क त्याच्या यंत्राला लावली, तोच प्रश्न तिथेही आला, आणि तो म्हणाला, "फॉरमॅट मारू या, एकदम नव्यासारखी होईल!" त्याचं बोट निघालं होतं खाली. दादानं, म्हणजे ज्या माणसानं उभ्या आयुष्यात घाईनं दार लोटलं नाही त्यानं, वायर हिसडून काढली. दादा डिस्क शर्टाच्या आत धरून रस्त्यात आला आणि एका दुकानाच्या पायरीवर बसला. "भोंग्या," तो म्हणाला, "आत्ता गेली असती ती." तो डिस्कला 'ती' म्हणत होता हे माझ्या तेव्हा लक्षात आलं, आणि मला अधिकच भीती वाटली.

मी घरी येऊन शोधाशोध केली आणि दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेला फोन लावला. बिघडलेल्या डिस्कमधून आतलं काढून देणं हेच त्यांचं काम. फोन स्पीकरवर ठेवला होता. पलीकडच्या बाईंनी टकटक ऐकवायला सांगितलं नाही, मी वर्णन केलं तेवढ्यावरच त्या म्हणाल्या, "बंद करा. पुन्हा जोडू नका. प्रत्येक वेळी जोडाल तसं आणखी खरवडलं जाईल. आणि उघडू तर अजिबात नका. आतली वाचणारी सुई चकतीवर केसाहून कमी अंतरावर तरंगते. धुळीचा एक कण गेला तरी संपलं. आम्ही ती खास खोलीत उघडतो."

म्हणजे मी सकाळपासून जितक्या वेळा 'आता, आता' म्हणत जोडली, तितक्या वेळा वहिनीला खरवडलं. दादा मात्र फोनकडे वेगळ्याच नजरेनं बघत होता. "धूळ," तो पुटपुटला. "मला धूळ शिकवतेय."

मी ते ऐकलं, पण त्याचा अर्थ लावायला थांबले नाही. ठरलं असं की डिस्क नीट बांधायची आणि उद्या पाठवून द्यायची. मी खोका आणि स्पंज आणायला बाजारात गेले. दुपार टळटळीत होती. मनासारखा स्पंज कुठे मिळेना, त्यामुळे मला उशीर झाला.

परत आले तर घर शांत. दादाच्या खोलीच्या दारात वहिनी उभी होती. माझ्याकडे तिची पाठ. पाटी तिच्या पायाशी पडली होती, फुटून दोन तुकडे झाले नव्हते एवढंच. तिचा एक हात पुढे ताणलेला, बोटं पसरलेली, आणि तिचं सगळं अंग श्वासाबरोबर हलत होतं. गळ्यावरचा रुमाल फडफडत होता. मी जवळ जाऊन तिच्या खांद्यावरून आत बघितलं.

दादानं खोली धुऊन काढली होती. फरशी ओली. टेबल ओल्या फडक्यानं पुसलेलं. पंखा बंद. अंगात धुतलेला शर्ट, बाह्या घट्ट दुमडलेल्या. हवा मारायचा रबरी फुगा हाताशी. आणि दिव्याखाली, पांढऱ्या कागदावर, डिस्क. बाहेरचं प्लास्टिक काढून ठेवलेलं, आतला धातूचा ठोकळा उघडा. पितळी वाटीत चांदणीच्या आकाराच्या तोंडाचे इवले स्क्रू ओळीनं मांडलेले. झाकणाचे दिसणारे सगळे स्क्रू निघाले होते तरी झाकण उठत नव्हतं, आणि दादाला, अर्थातच, कारण सापडलं होतं. एक स्क्रू लेबलाखाली लपलेला होता. डोळ्याला भिंग, उजव्या हातात पातळ पातं, आणि त्या पात्यानं तो लेबलाचा कोपरा सोलत होता.

मी ओरडायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. माझा आवाज म्हणजे भोंगा. त्याचा हात दचकला तर पातं कुठे जाईल? नियम माझ्या हाडात भिनलेले. हात लावायचा नाही. टाळी नाही. आणि उंबऱ्यातून हळू, नेहमीच्या आवाजात जिनं हाक मारायची ती माझ्यापुढे उभी होती, आणि तिच्या गळ्यातून नुसता वारा येत होता. ती त्याला हाका मारत होती. केव्हापासून मारत होती कोण जाणे. घड्याळं चालू होती, दादाला काही ऐकू येत नव्हतं. तो तिचाच आवाज उघडत होता आणि ती त्याला थांबवू शकत नव्हती. मी इतकी कधीच घाबरले नव्हते. वहिनीला शस्त्रक्रियेसाठी आत नेलं तेव्हासुद्धा नाही.

मग वहिनीनं पुढे ताणलेला हात मागे घेतला, दाराशेजारचं बटण चाचपलं, आणि दिवा बंद केला.

खोलीत काळोख झाला. आतून कसलाच आवाज आला नाही. कागदाची सळसळसुद्धा नाही. दादाचा हात जिथे होता तिथेच थांबला असणार, हे आम्हा दोघींनाही बघायची गरज नव्हती.

"गेली का गं?" दादानं विचारलं. रोजच्यासारखंच, मान न वळवता.

घड्याळं टिकटिकत राहिली. तो वाट बघत होता. इतक्या वर्षांत त्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही असं कधी झालं नव्हतं. मला वाटलं आपणच म्हणावं 'गेली हो', पण ते माझं वाक्य नव्हतं, माझ्या जिभेवर ते येईचना.

"अगं?" तो म्हणाला. आणि मग अगदी हळू, लहान पोरानं म्हणावं तसं, "हलत नाहीये मी."

वहिनीनं दिवा लावला. दादा तसाच बसून होता. पात्याचं टोक लेबलाच्या कोपऱ्यात, हात स्थिर. फक्त भिंगाखालून पाणी ओघळून त्याच्या नाकाच्या शेंड्यापर्यंत आलं होतं. त्यानं पातं खाली ठेवलं. वहिनी आत गेली, तिनं त्याच्या टेबलावरची वस्तू उचलली, जे त्या घरात कुणीही कधी केलं नव्हतं, आणि ती डिस्क पदराखाली घेऊन जमिनीवर बसली. मी पाटी उचलून तिला दिली. तिनं लिहिलं: "मी ओरडत होते."

दादानं ते वाचलं. "मला वाटलं," तो म्हणाला आणि थांबला. "जन्मभर लोकांची घड्याळं उघडली. तुझ्यासाठी एवढं एक जमणार नाही का, असं वाटलं. परक्याच्या हातात द्यायची कशी?" वहिनीनं पुन्हा लिहिलं नाही. नुसती मान हलवत राहिली.

टपालानं पाठवायचा विषय मग निघालाच नाही. दादानं सगळे स्क्रू ज्याच्या त्याच्या जागी परत बसवले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बसनं निघालो. डिस्क दादाच्या मांडीवर. खड्डा आला की तो पाय उचलायचा आणि धक्का स्वतःवर घ्यायचा. वाटेत एकच वाक्य बोलला, "विचारतील बघ."

आणि विचारलंच. प्रयोगशाळेतल्या बाईंनी हातमोजे घातले, डिस्क उलटीपालटी केली, लेबलाच्या उचकटलेल्या कोपऱ्याशी थांबल्या. "कुणी हात लावला होता का हिला?"

दादा चाचरला. इतकी वर्षं हाच प्रश्न विचारून लोकांना दारातून परत पाठवणारा माझा दादा असा चाचरला की मलाच बघवेना. मी काहीतरी थाप मारणार होते. "मी," तो म्हणाला. "मीच लावला. झाकण उचललं नाही. स्क्रू काढले, पुन्हा लावले." मग खाली बघून, "तुम्ही नाही म्हणालात तर मी समजेन."

बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. "झाकणाच्या कडेची चिकटपट्टी जराशी सुटली असेल. आणखी एक स्क्रू निघाला असता तर मी नाहीच म्हणाले असते," त्या म्हणाल्या. "बघते. शब्द देत नाही."

त्यानंतरची वाट बघणं मला आठवायचं नाही, तरी आठवतं. दादानं दुकान उघडलं, पण गिऱ्हाइकांना तो प्रश्न विचारणं बंद केलं. मुकाट्यानं घड्याळ घ्यायचा. वहिनी भांडी हळू ठेवायला लागली, कशाला कोण जाणे. आणि मला एका सकाळी उठल्या उठल्या जाणवलं की तिचा आवाज मला आठवत नाहीये. शब्द आठवत होते, थट्टा आठवत होती, पण आवाज नाही. त्या दिवसापासून फोन वाजला की मला उचलायचा धीर होत नसे. हरवलेलं सापडेल की नाही ही एक भीती. सापडलं नाही आणि काही दिवसांनी आपल्याला त्याचं काहीच वाटेनासं झालं तर, ही दुसरी, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती.

शेवटी फोन आला. सगळं नाही, पण पुष्कळ निघालं होतं. काही वाक्यं खरवडली गेली होती, ती कायमची गेली. दादा स्वतः बोलला फोनवर. त्यानं एकच विचारलं, "नकला किती निघतील?" मी तोंड वळवून हसले, कितीतरी दिवसांनी. आता एक नक्कल माझ्याकडे आहे, एक आवाजाच्या बाईंकडे, एक दादाच्या कपाटात, आणि एक, मला न सांगता, त्यानं पिठाच्या डब्यामागे ठेवलीय.

बोलकी पाटी आली. काय आहे आणि काय नाही ते एकेक बोट ठेवून कळत गेलं. "मला पाणी हवंय" होतं. "दुखतंय" गेलं होतं, त्याचं आम्हाला कुणालाच वाईट वाटलं नाही. 'नाही' तीन तऱ्हांनी होतं आणि 'हो' अजिबात सापडलं नाही. "माझं नशीब," दादा म्हणाला, आणि पाटीनं लगेच उत्तर दिलं, "अहो, आरशात बघितलंत का?" तो आवाज मी ओळखला. तोच होता. मी विसरले नव्हते.

पण दादा कामाला बसला असताना वहिनी ती पाटी वापरत नसे. जेवायला बोलवायचं तरी उंबऱ्यात उभी राहायची, त्याचं भिंग उतरेपर्यंत. मला वाटतं तिलाही भीती होती. त्याचा हात दचकेल याची, नाहीतर कसली, ते मी विचारलं नाही.

मग एका संध्याकाळी खरोखरच लाइट गेली. मी आणि वहिनी स्वयंपाकघरात भाजी निवडत होतो. आत दादा कामात. वहिनी उठली, ओट्यावरची पाटी घेतली, काळोखात तिच्या चेहऱ्यावर पाटीचा उजेड पडला. तिचं बोट शोधत शोधत खाली सरकलं, अगदी शेवटच्या चौकोनाशी, आणि बोट ठेवण्याआधी तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. ते वाक्य शिल्लक राहिलंय की खरवडलं गेलंय हे तिनं आजवर दाबून पाहिलंच नव्हतं.

"गेली हो, हलू नका!"

खणखणीत. शेवटी आमचं तिघांचं हसू सुरू होता होता तुटलेलं. आत काहीच हललं नाही. मग दादाचा आवाज आला, नेहमीसारखा, "नाही हलत." एवढंच.

जरा वेळानं लाइट आली. मी आत डोकावले. दिवा लख्ख पेटलेला, चिमट्यात चाक धरलेलं, आणि दादा तसाच, दाराकडे पाठ करून, वाट बघत बसलेला. 'आली हो' आमच्याकडे नव्हतं. ते कधी भरलंच नव्हतं. लाइट परत आली तेव्हा मी यंत्र बंद करून टाकलं होतं.

वहिनी माझ्या बाजूनं आत गेली. त्याच्या डोळ्याला भिंग होतं, चिमट्यात चाक होतं, आणि तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दादाचा हात दचकला नाही. "आली का? बरं," तो म्हणाला, आणि त्यानं चाक जागच्या जागी बसवलं.